परसातला राब

माझा बा माणसांशी अगदी नीट बोलतो, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या घरावर जे आलं त्याचं मूळ त्यातच आहे. आजार आहे हे लोकांना पटायचं तर माणसाने निदान बरळायला हवं, चारचौघांत धोतर सोडायला हवं. बा तसलं काही करत नाही. दारात कोणी आलं की सतरंजी दाखवतो, पाणी द्यायला सांगतो आणि विचारतो: तुमच्याकडे पाऊस कसा आहे, भात कसा आहे, पोरं काय करतात, सगळं बरं आहे ना? हे प्रश्न जगात कोणालाही विचारता येतात. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्याने हेच विचारलं. तो माणूस टाकी खाली ठेवून उभा राहिला आणि त्याने सगळी उत्तरं दिली. जाताना मला म्हणाला, "जुनी माणसं वेगळीच हो." तो गेल्यावर बाने मला विचारलं, तो कोणाचा मुलगा. थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून त्याने माझ्याही भाताची चौकशी केली.

आम्ही तीन भावंडं. थोरली ताई नाशिकला असते. धाकटा भाऊ सूर्यमाळच्या अलीकडे आमच्या पाड्यावर शेती करतो. मधला मी जव्हारला. बाजारातल्या काही दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि ते काम घरी बसून होतं. आई गेल्यावर बा धाकट्याकडेच होता. मग तो बैल सोडायचा आणि परत बांधायचं विसरायचा. एकदा बाजाराला म्हणून निघाला तो भलत्याच पाड्यावर, कोणाच्या तरी ओटीवर सापडला. धाकट्याने त्याला भगताकडे नेलं, कोंबडा-नारळ झाला, गुण आला नाही, तेव्हा माझ्याकडे आणून सोडलं. "दादा, तुझ्याकडनं दवाखाना जवळ हाये," एवढं बोलून तो चहाही न घेता दुपारच्या गाडीने परत गेला. ताईने नाशिकहून बदाम पाठवले.

नाशिकलाच एका डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश. गोळ्यांनी थोडं सावरेल, पण मागे फिरणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. गोलगोल बोलणारा माणूस मला हिशेबातही नको असतो. निघताना ते म्हणाले, यांच्या हातांना जे काम येतं ते यांना करू द्या. डोकं विसरलं तरी हात इतक्या लवकर विसरत नाहीत. हे ऐकायला मी एकटाच होतो. ताईचं घर त्या दवाखान्यापासून फार लांब नाही, पण त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे होते.

बाच्या हातांना राब येतो. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आमच्याकडे भर उन्हाळ्यात भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळे आणि पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती, आग दबून राहावी म्हणून. मग वारा ज्या टोकाकडे वाहतो तिथे काडी लावायची. म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते आणि जमीन खोलवर भाजते. दुसऱ्या टोकाला लावली तर गवत भरकन जळून जातं, जमीन कच्ची राहते आणि पावसात तण माजतं. ऐकायला सोपं आहे. तरी आसपासच्या पाड्यांवरून बाला बोलावणं यायचं. तो मूठभर माती हातातून सोडून वारा बघायचा आणि काडी लावल्यावर राब विझेपर्यंत तिथून हलायचा नाही.

आमच्या जव्हारच्या घरामागे थोडं परस आहे. फणसाचं एक झाड आमचं, आंब्याचं एक शेजाऱ्याचं, पण पाला दोन्हींचा आमच्याकडे पडतो. बा आल्यापासून सारखा पुढच्या दाराशी उभा राहायचा. "चल, घरी जाऊ," म्हणायचा. हेच घर आहे म्हटलं की माझ्याकडे असं बघायचा, जणू मी त्याला फसवून सही घेतोय. दार उघडं दिसलं की तडक रस्त्यावर, आणि आमच्या दारासमोरून एसटीची वाहतूक. एकदा मी कंटाळून त्याला मागे परसात नेलं. त्याने पाला बघितला, वाकला आणि गोळा करायला लागला. त्या दिवशी त्याने एकदाही घरी जायचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ते आमचं रोजचं झालं. मी एका गवळ्याकडून शेण आणायचो, रस्त्याकडेचा पाला पोत्यात भरून आणायचो. बा सकाळी उकिडवा बसून थर रचायचा. कडा इतक्या सरळ की मला तशी ओळ पट्टी घेऊनही आखता यायची नाही. संध्याकाळी तो आत आला की मी सगळं उसकटून पाला परत झाडांखाली पसरायचो, कारण सकाळी त्याला काम हवं. बायको म्हणायची, "बापानं रचायचं, लेकानं उसकटायचं. बरा धंदा काढलाय दोघांनी." ती चिडून म्हणायची नाही. या कामामुळे तिलाही दिवसातून थोडी उसंत मिळायची. रचून झालं की बा जेवायचा, अंघोळीला हात धरू द्यायचा, शिव्या द्यायचा नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते शेणाने झालं.

फक्त काडी त्याच्या हाती लागू द्यायची नव्हती. घरातल्या काडेपेट्या मी कपाटात कुलपात ठेवल्या आणि गॅसला लायटर आणला. देवापुढचा दिवा बायको लावायची तेव्हा मी बाशी बोलत बसायचो. शेजाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला, किराणावाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, की बाने काडी मागितली तर देऊ नका. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते जड गेलं हे मला दिसत होतं. आमच्या भागात तहानलेल्याला पाणी आणि मागेल त्याला विस्तव नाही म्हणत नाहीत. म्हाताऱ्या माणसाने बिडीसाठी काडी मागावी आणि आपण नाही म्हणावं, याच्याइतका उघड अपमान दुसरा नाही. पानवाला म्हणाला, "मी आपला नसल्याचं सांगेन. देत नाही असं नाय सांगवणार." मी म्हटलं, तेही चालेल.

दुसरी गोष्ट पुढच्या दाराची कडी. मी आणि बायको दोघंही घरात नसू, ती बाजारात आणि मी बँकेत असेन, तेवढ्या वेळेपुरती मी बाहेरून कडी लावायचो. ताई वर्षातून दोनदा येते. एका वर्षी दिवाळीला आली तेव्हा नेमकी कडी लावलेली होती आणि ती पायरीवर बॅगा घेऊन उभी. मी कोपऱ्यावरून येतच होतो. तिने शेजारणीच्या देखत विचारलं,

"बापाला कोंडून ठेवतोस?"

मी सांगितलं, औषध आणायला गेलो होतो, तेवढ्यापुरतंच. ती म्हणाली, औषधं देऊन देऊनच त्याचं असं झालंय. आत बा उठून उभा राहिला. त्याने सतरंजी दाखवली, पाणी सांगितलं, पाऊस, भात, पोरं, सगळं विचारलं. ताईचे डोळे भरून आले. "ह्यात काय विसरलाय तो?" ती मला म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझं नाव विचार त्याला. ती म्हणाली, बापाची परीक्षा घेणारी पोर मी नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला गाडीत घालून शिरपामाळला घेऊन गेली. तिथे फिरायला आलेल्या लोकांना बाने हात जोडले असतील, भाताचं विचारलं असेल. फोटो घरच्या ग्रुपवर आला. बा हसतोय, डोक्यावर ताईच्या नवऱ्याची टोपी. खाली ताईने लिहिलं होतं, बा एकदम ठणठणीत. नात्यातल्या सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. त्या दिवशी बाने गाडीच्या मागच्या सीटवर लघवी केली होती, ते ग्रुपवर नव्हतं. ती सीट मी धुतली.

मग ताईने ठरवलं की बाला काही दिवस पाड्यावर न्यायचं. आपल्या मातीत गेला की माणूस सुधारतो. धाकट्यालाही फोनवर ते पटलं. त्याची भाताची झोडणी आटोपली होती. मी विरोध केला तेव्हा दोघांनी एकच अर्थ काढला, की मला बा माझ्या ताब्यात हवा आहे. जमिनीचा कागद अजून बाच्या नावावर आहे, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांच्या मनात होतं.

मला भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती मी त्यांना जशीच्या तशी सांगितली. बाकडे आता एकच काम उरलं आहे. त्याच्या हातून तिथे काही झालं तर ते कामही त्याच्याकडून जाईल, आणि मग मी त्याला दिवसभर कशाने धरून ठेवू? त्याला एकटा सोडू नका, त्याच्यासमोर काडेपेटी ठेवू नका, पाड्यावर सगळ्यांना तसं सांगा. धाकटा हसला. "आख्ख्या डोंगराला राब शिकवला त्यानं. तो आग लावील व्हय?" मी म्हटलं, म्हणूनच लावेल. तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी बरोबर गेलो नाही. हिशेबाची कामं अडली होती आणि बायको तापाने पडली होती. बा निघताना गाडीत बसला आणि मला म्हणाला, "बरं आहे ना सगळं?" मी हो म्हटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलं, आणि सगळ्यांचं इतकं जुळलं, की त्यात खोटं नसावं.

धाकट्याच्या खळ्याला लागून आमच्या चुलत काकीचं खळं आहे. काका नाहीत, मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. काकीने आपला भात कापून, भारे बांधून खळ्यावर त्यांची उडवी रचून ठेवली होती. मुलगा रजा घेऊन आला की झोडायचं होतं. त्या उडवीच्या जवळ बाला शेण दिसलं, पेंढा दिसला, बाजूच्या झाडांचा पाला होताच. तो बसला आणि रचायला लागला. धाकट्याच्या पोरांनी ते पाहिलं आणि आईला बोलावलं, ताईही आली. सगळ्यांना कौतुक वाटलं. ताईने मोबाइलवर चित्रण केलं. ते मला त्याच दुपारी आलं होतं. त्यात बा उकिडवा बसून पेंढ्यावर माती भुरभुरतोय, मागे उडवी दिसतेय, आणि ताईचा आवाज: "बघ, हात कसे चालतात. आणि हा म्हणतो आजारी आहे."

मी लगेच फोन लावला. सूर्यमाळच्या त्या बाजूला रेंज एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच मिळते; चित्रण पाठवून ताई तिथून उतरली असावी. लागला नाही.

सगळे जेवायला आत गेले. बा आला नाही, काम टाकून उठायची त्याची सवय नव्हती. ताईने त्याचं ताट झाकून ठेवलं. वाटेने पलीकडच्या पाड्यावरचा एक माणूस चालला होता. बाने त्याला थांबवलं, पाऊस-भात विचारलं आणि काडी मागितली. त्याने पेटीच दिली आणि गेला. बाने माती हातातून सोडून वारा बघितला. बरोबर टोकाला काडी लावली. वर मातीचा थर होता म्हणून ज्वाळा दिसली नाही. आग जशी सरकायला हवी तशी, वाऱ्याला तोंड देत, सावकाश सरकली आणि त्या बाजूला काकीची उडवी होती. बाचं भाजणं चुकलं नव्हतं. जागा चुकली आणि महिना चुकला.

उडवी पेटली तेव्हा आवाज झाला आणि माणसं धावली. विहीर उताराखाली. वाळल्या भाताला लागलेली आग हंड्याने विझत नाही. लोकांनी फक्त घरं वाचवली. बा तिथेच बसून होता, कारण राब विझेपर्यंत उठायचं नसतं. त्याला दोघांनी ओढून मागे आणलं. त्यातल्या एकाने त्याला मारलं. कोणी, ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. गालावरचा वळ निरोप मिळून मी पोचलो तेव्हाही होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात पाड्यावरची माणसं बसली. पेटी देणारा स्वतःहून आला होता. तो म्हणाला,

"डोकऱ्यानं विस्तव मागला, मी दिला. डोकऱ्याला विस्तव नाय म्हणू का?"

 सगळ्यांच्या माना हलल्या. त्याचं काही चुकलं नव्हतं आणि मलाही त्याच्याबद्दल राग आला नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग कोणाचं चुकलं, हा प्रश्न अंगणात फिरायला लागला. धाकटा म्हणाला, बा तर जव्हारलाच असतो, इथे चार दिवस पाहुणा. त्याला हा नाद दादाच्या घरी लागला. तिथे रोज रचायला देतात. ताई खाली बघत होती. मला वाटलं ती निदान त्या चित्रणाचं सांगेल. ती म्हणाली, "मला काय माहीत होतं? मला कोणी नीट सांगितलंच नाही." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोललो नाही. तिथे मी काय काय सांगितलं होतं याची उजळणी केली असती तर मी बापाची नाही, माझी बाजू सावरतोय असं दिसलं असतं. आणि ते खरंही असतं.

जळालेला भात निम्मा धाकट्याने आणि निम्मा मी भरून द्यायचा ठरलं. ताईचं नाव कोणी घेतलं नाही, तिनेही काढलं नाही.  तेव्हा काकी म्हणाली,

"भात द्याल. बियाणं कुठनं द्याल?"

तिच्या घरात सासूच्याही आधीपासून चालत आलेला लाल भात होता, तो दुसऱ्या कोणाकडे उरलेला नाही.   माणसं उठली, धोतरं झटकली आणि गेली. जाताना एकाने मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, की डोकऱ्याला आता बांधूनच ठेवायला हवं.

बाला घेऊन मी जीपने निघालो. गाडी वळली तेव्हा त्याला काकीचं काळं झालेलं खळं दिसलं. त्याने मान वळवून बराच वेळ बघितलं.

"कोणाची उडवी जळाली?"

काकीची, मी सांगितलं.

"अरेरे. पोर घरात नाय तिचा," तो म्हणाला. मग रागाने पुढे म्हणाला, "कोण मूर्ख होता? उडवीपाशी कोणी काडी लावतं का?"

जीपमधली माणसं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्यात आमच्या पाड्यावरचा कोणी नव्हता. त्यांना तो एक समंजस म्हातारा वाटला.

बातमी आमच्या आधी जव्हारला पोचली. शेजारी संध्याकाळी येऊन बसले. चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची गॅसची जादा टाकी असते, त्यांची मोटरसायकल उभी असते. त्यांनी बाची चौकशी केली, चहा घेतला आणि मग म्हणाले, त्यांना स्वतःला काही नाही, पण घरातली बायका-मुलं घाबरतात. परसात पाला-शेण नको. मी म्हटलं, काडी नसली तर शेणाने काही पेटत नाही. ते म्हणाले, "पाड्यावरही काडी नव्हतीच की त्यांच्याकडे."  हिशेब त्यांचा बरोबर होता.

ताईचा फोन आला. तिने मला सांगितलं, घराबाहेर पडताना बाहेरून कडी लावत जा, आणि आत असतानाही लावलेली बरी. झोपेच्या गोळ्या मिळतात का तेही डॉक्टरांना विचार. तिच्या ओळखीत एकांनी तसं केलं आहे. मी ऐकून घेतलं. धाकट्याचा फोन आला नाही.

मी पाला झाडून काढला. पण पाला रोज पडतो आणि बा रोज वेचतो. शेण नसलं तर नुसती माती ओंजळीने उकरून ढीग करायचा, आणि भिंतीवरून शेजारीण बघत राहायची. शेवटी एका गवंड्याला बोलावून मी परसात फरशी बसवून घेतली. फणसाचं खोड वाचवायला थोडी जागा सोडणार होतो. बायको म्हणाली, "सोडायचीच कशाला? तेवढीच उकरतील." फणस तोडला.

काम संपल्यावर बाला मागे नेलं. शेजारी भिंतीवरून म्हणाले, आता कसं स्वच्छ दिसतं. बा उकिडवा बसला. फरशीवर हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटांनी सांध्यांत चाचपून बघितलं. मग मला विचारलं,

"इथली माती कोणी नेली?"

"मी नेली," मी म्हटलं.

"परत आणून टाक. दुसऱ्याच्या रानातली माती नेऊ नये."

मी हो म्हटलं. तो उठला, माझ्या बाजूने आत गेला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तो आता दिवसभर तिथेच उभा असतो. पाय सुजतात, संध्याकाळी बायको त्यांना तेल लावते. रस्त्यावरून जाणारे दाराशेजारच्या खिडकीतून त्याला हात करतात, तोही करतो, आणि त्यांचा भात कसा आहे ते विचारतो. दाराला बाहेरून कडी असते. त्याबद्दल आता मला कोणी काही म्हणत नाही.